तार कुणाची, गिऱ्हाईक कुणाचं?

गावाचं इंटरनेट गावाच्याच हातात असावं, असं मनात घेतलेली माणसं मला आता खानदेशात जागोजागी भेटतात. कुणी चोपड्याकडचं, कुणी साक्रीचं, कुणी पारोळ्याचं. कल्पना चांगली आहे आणि होण्यासारखी आहे. पण पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: स्पीड किती मिळेल? मी सांगतो, स्पीडचं नंतर बघू. आधी कोऱ्या कागदावर लिहा, तार कुणाच्या मालकीची, गिऱ्हाइकाचं नाव कुणाच्या वहीत, आणि रात्री फायबर तुटली तर शिडी घेऊन जाणार कोण.

आमचं गाव अनेर नदीच्या पट्ट्यात, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या शिवेला लागून. इथे केबलचा धंदा करणाऱ्या एका तरुणाने कर्ज काढून फायबर टाकली. खांबावरची तार त्याची, घराघरांतले डबे त्याचे, वसुलीही तोच करायचा. इंटरनेट मात्र एका कंपनीचं, आणि हा तिचा फ्रँचायझी. वाटणीवरून दोघांचं बिनसलं, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकांची यादी, बिलं, पासवर्ड, सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद झालं आणि त्याचीच घरं दुसऱ्या माणसाला देण्यात आली. करारात तशी तरतूद होती. इंग्रजीतलं ते कलम सही घेताना त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. या भांडणात गावाचं नेट गेलं, तेही ऐन कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरायच्या दिवसांत. मुली वह्या-कागदपत्रं घेऊन बस पकडून तालुक्याच्या सायबर कॅफेत जात होत्या. त्या पोराला मात्र रस्त्यात जो तो थांबवायचा, "भाऊ, नेट कव्हय येई?" तो काय सांगणार? तार त्याची होती, पण तारेतून काय वाहायचं ते ठरवणारा वेगळाच होता.

त्यानंतर आम्ही काही जण एकत्र बसलो. त्यात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला एक लाइनमन होता, शाळेतले सर होते, दुकानदार होते आणि हा तरुणही होता.

सहकाराच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा सोसायटीच येते. पतसंस्था काढली, दूध डेअरी काढली, तशीच नेटची सोसायटी काढू. इथेच पहिला दगड लागतो. आजवरच्या पद्धतीत इंटरनेट विकण्याचा परवाना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळत आला आहे. नुसती फायबर टाकून ती परवानाधारकाला भाड्याने द्यायची म्हटली, तरी पायाभूत सुविधा पुरवठादार म्हणून वेगळी नोंदणी लागते आणि तीही कंपनीलाच मिळते. पूर्वी पोस्टात केलेली केबल टीव्हीची नोंदणी म्हणजे इंटरनेटचा परवाना नव्हे. या दोन्हींत गल्लत करणारे पुष्कळ आहेत. घरचं कनेक्शन घेऊन चार गल्ल्यांना वाटणं तर सरळ बेकायदा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याच कायद्याने परवान्यांची जुनी घडी बदलायला घेतली आहे, म्हणून ओळखीच्या माणसाचा जुना परवाना समोर ठेवून नक्कल करू नका. अर्ज करण्याच्या दिवशी कोणते नियम लागू आहेत तेच पाहा.

आमच्यासारख्या शिवेवरच्या गावांना आणखी एक अडचण. ‘क’ वर्गाचा छोटा परवाना एका दूरसंचार जिल्ह्यापुरता असायचा, आणि जळगाव व धुळे हे त्यात वेगवेगळे. अनेरच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. दोन्हीकडची गावं जोडायची तर दोन परवाने घ्या, नाहीतर अख्ख्या दूरसंचार सर्कलचा ‘ब’ वर्ग. नकाशावर बोट ठेवून बघेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

परवाना मिळाला, तार आपली झाली, तरी एक गोष्ट विकतच घ्यावी लागते आणि ती म्हणजे वरून येणारं इंटरनेट. इथे मी सगळ्यांना मुळा-प्रवरेची हकिगत सांगतो. नगर जिल्ह्यात श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. १९६९ सालची, लोकांची स्वतःची संस्था. खांब, तारा, मीटर, वायरमन तिचे. वीज मात्र मंडळाकडून, पुढे महावितरणकडून घाऊक भावात घ्यायची. खाली वसुली होईना, वरची थकबाकी फुगत गेली. २०११ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि वितरण महावितरणकडे गेलं. चाळीस वर्षं लोकांच्या मालकीची असलेली यंत्रणा घाऊक बिलापायी हातची गेली. नेटच्या बाबतीतही हाच धोका आहे, आणि इथे वाट बघायला कुणी चाळीस वर्षं देणार नाही.

म्हणून वसुली आगाऊ ठेवा. रिचार्ज संपला की कनेक्शन बंद, मग ते सरपंचाचं असो की चेअरमनचं. जीएसटी १८ टक्के आणि परवाना शुल्क धरूनच दर काढा. घाऊक नेट दोघांकडून घ्या, म्हणजे एकाने अडवलं तरी गाव चालू राहील. आणि किती घ्यायचं ते दुपारी मोजू नका. जेवणं उरकून सगळं गाव मोबाइल हातात घेतं, तेव्हा मोजा.

आता दुरुस्ती. फायबरची गोष्ट आमच्या भागाला सोयीची आहे: वीज फक्त दोन टोकांना लागते, मधे नाही. एका पोर्टातून ६४ घरं निघतात, वीस किलोमीटरपर्यंत. पण आमच्याकडे कापसाचे टेम्पो वरपर्यंत गच्च भरून निघतात आणि लोंबती तार ओढून नेतात. अशा एका रात्री मी जॉइंट मारताना पाहिला आहे. रस्त्याकडेला स्टुलावर स्प्लायसिंग मशीन, वारा लागू नये म्हणून दोघांनी धरलेली चादर, बॅटरीच्या उजेडात केसासारखी काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक सरळ कापायचं. धुळीचा कण बसला की मशीन नाही म्हणतं, पुन्हा पहिल्यापासून. जोडल्यावर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पॉवर मीटर लावायचा. आकडा उणे २७-२८ च्या खाली गेलेला असेल तर डब्यावरचा लाल दिवा जात नाही. हे हात गावातच हवेत. आयटीआय झालेली दोन पोरं-पोरी आधी शिकवा, पगार ठरवा, मग तार टाका. आणि नेट वाटणारं मुख्य मशीन पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा इन्व्हर्टर आणि मशीन दोन्ही तापून बसतात.

खांबांचं तोंडी कधीच ठेवू नका. महावितरणच्या खांबाला लेखी परवानगी आणि भाडं, रस्त्यासाठी नगरपरिषद, पंचायत किंवा बांधकाम खात्याकडे अर्ज. मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्जाची पोच जपून ठेवा.

एवढं भांडवल आज नसेल तर पीएम-वाणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय, नोंदणी शुल्काशिवाय वाय-फाय विकू शकतो. पूर्वी अशा दुकानदाराकडे महागड्या लीज लाइनचा आग्रह धरला जायचा. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. एसटी स्टँड, वाचनालय, बाजारपेठ इथून सुरुवात केली तर गाव पैसे किती आणि कधी भरतं, हे थोड्या खर्चात कळतं. पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ने पंचायतीलाच भागीदार केलं होतं, २०१७ मध्ये त्या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. सरकारच्या भारतनेटची फायबर पंचायतीपर्यंत आलेली असेल, तर तिथून पुढची तार कुणी टाकायची हे ग्रामसभेतच ठरवा.

आमचं सध्या असं ठरलं आहे की भागधारक गावकऱ्यांची कंपनी काढायची, नोंदणी करून फायबर तिच्या नावावर ठेवायची आणि परवानाधारकाला भाड्याने द्यायची. वकिलाकडे मसुदा आहे, आणि तो मराठीत लिहून मागितला आहे. त्यात तीन कलमं आम्ही अडून धरली आहेत: गिऱ्हाइकांच्या यादीची प्रत दर महिन्याला आमच्या कंपनीकडे, करार मोडायचा तर नव्वद दिवसांची नोटीस आणि तोवर सेवा चालू, आणि फायबर विकायची झाली तर भागधारकांच्या सभेत तीन चतुर्थांश मतं. पहिल्या कलमाला समोरच्या पार्टीने अजून हो म्हटलेलं नाही.