शुभार्थी आणि शुभंकर

घरात कोणी पाय मोडून पडले तर विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागते. त्याच घरातील तरुण मुलाला छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, जडली तर घरची माणसे दार लावून घेतात. नातेवाइकांना कळू नये, धाकट्या बहिणीचे लग्न अडू नये, एवढाच त्यामागील हेतू असतो. परंतु त्या लपवाछपवीत उपचाराचे मोलाचे महिने, क्वचित वर्षेही, निघून जातात.

हा आजार बहुधा ऐन विशी-तिशीत, शिक्षण व नोकरीच्या काळात उद्भवतो. औषधांनी भास आणि संशय पुष्कळ अंशी आटोक्यात येतात. मात्र सकाळी वेळेवर उठणे, चार माणसांत बसणे, पुन्हा कामाला लागणे या गोष्टी केवळ गोळ्यांनी साधत नाहीत. त्यासाठी सोबत लागते.

मूळचे धुळे जिल्ह्यातील आणि कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणात हे जवळून पाहिले. घरातील दुखणे त्यांनी लपविले नाही. १९९७ साली त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला आणि ज्या घरांत या आजाराचे नावही उच्चारले जात नव्हते, तेथे तो बोलण्याचा विषय झाला. डॉ. वाणी २०१७ साली निवर्तले.

महाराष्ट्रातील स्वमदत गटांतून रुग्णास ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नाव बदलल्याने आजार जात नाही, हे खरे. तथापि ‘वेडा’ म्हटले की त्याचे म्हणणे ऐकण्याची गरजच उरत नाही. ‘शुभार्थी’ म्हटले की हा माणूस काही इच्छितो आहे, हे तरी ध्यानात येते.

अशा गटात व्याख्यान नसते. मुलगा गोळी घेत नाही, रात्रभर जागतो, शेजारी विष घालतात असे म्हणतो, हे एक आई सांगते. दुसरी आई आपण त्या वेळी काय केले ते सांगते. भासाविषयी वाद घालू नये, त्यामागील भीती ओळखावी. झोप उडाली तर डॉक्टरांकडे लगेच जावे. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करू नये, अशा गोष्टी तेथे अनुभवाच्या भाषेत कळतात. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते तेथे आजार उलटण्याचा संभव अधिक असतो, असे संशोधनातही दिसून आले आहे. पण थकलेल्या शुभंकराला नुसते ‘रागावू नका’ असे सांगून काय उपयोग? त्यालाही मन मोकळे करण्यास जागा हवी.

या चळवळीला कायद्याचाही आधार आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले पंचविसाहून अधिक रुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीस आधीच लिहून ठेवता येते. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणासही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. आरोग्य विम्यातही मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावे लागते. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर रुग्णांचे तसेच शुभंकरांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. या जागांवर बोलणारी माणसे गटांतूनच तयार होणार, हे उघड आहे.

जेथे जवळपास गट नाही, तेथील कुटुंबाला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या निःशुल्क सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा असून तेथे अहोरात्र आणि मराठीतूनही बोलता येते.