संगणकाचा पंखा का ओरडतो?



उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, संगणक चांगला चालतो, पण काम वाढले की पंखा एकदम घोंघावतो. बिघडला का?" काहींची तक्रार याच्या उलट असते. पंखा शांत असतो, पण संगणक मध्येच बंद पडतो. या दोन तक्रारींपैकी दुसरी अधिक गंभीर आहे. ती का, हे आज समजून घेऊ.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात आणि ते अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. घरगुती डेस्कटॉपचा साधा प्रोसेसर भर कामात सुमारे ६५ वॅट वीज घेतो. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावला तर चटका बसत असे. तेवढीच उष्णता येथे नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. संगणक रिकामा बसलेला असला तर वीज फार थोडी लागते. म्हणजे काम वाढले की उष्णता वाढणार आणि पंख्याचा वेगही वाढणार. हा बिघाड नव्हे, हे आरोग्याचे लक्षण आहे. धावणाऱ्या माणसाला धाप लागते, तसेच हे.

उकाईचे दरवाजे

आपल्या तापीवर उकाईचे धरण आहे. खानदेशातून, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावाकडून आलेले पाणी तेथे अडते. धरणाला २२ दरवाजे आहेत. जलाशयाची पातळी आणि येणारे पाणी पाहून ते किती उघडायचे हे ठरवतात. ऑगस्ट २००६ च्या पुरात येणारे पाणी आणि सोडायचे पाणी यांचा मेळ किती नाजूक असतो, हे सुरतेने पाहिले आहे.

संगणकातही हेच चालते. तापमान ही पाण्याची पातळी, पंखा हा दरवाजा, आणि बायोस नावाची व्यवस्था दरवाजा किती उघडायचा ते ठरवते. आजच्या बहुतेक प्रोसेसर-पंख्यांना चार तारा असतात. दोन तारांतून १२ व्होल्टची वीज येते, तिसरी तार पंख्याचा वेग कळवते आणि चौथीतून वेग कमी-जास्त करण्याचा हुकूम येतो. तीन तारांच्या पंख्याला ही हुकमाची तार नसते, त्याचा वेग व्होल्टेज बदलूनच कमी करता येतो. बायोसमध्ये त्याचा प्रकार चुकीचा निवडला असेल तर तो दिवसभर पूर्ण वेगाने ओरडत राहतो.

थोडे गणित

प्रोसेसरचे तापमान काढायचे एक सोपे सूत्र आहे: खोलीचे तापमान अधिक (वॅट गुणिले उष्णतेचा अडथळा). उदाहरणार्थ, अडथळा दर वॅटला ०.५ अंश धरा. ६५ वॅटला ३२.५ अंशांची वाढ होईल. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ५७.५ वर राहील. मे महिन्यात खोली ३८ वर गेली तर तोच प्रोसेसर ७०.५ वर जाईल. यात बिघाड कुठेच नाही, फक्त ऋतू बदलला.

आता धूळ साचून अडथळा ०.८ झाला असे समजा. वाढ ५२ अंशांची होईल आणि ३८ च्या खोलीत प्रोसेसर थेट ९० वर पोहोचेल. एवढ्या उष्णतेत प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी आपला वेग कमी करतो. तरीही भागले नाही तर संगणक बंद पाडतो. म्हणून नुसते तापमान पाहून घाबरू नका. त्यातून खोलीचे तापमान वजा करा आणि उरलेला फरक पाहा. फरक महिन्यागणिक वाढत असेल तर दोष संगणकात आहे.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत हा अडथळा लवकर वाढतो. लूम्सच्या आसपासच्या हवेत धाग्याचे बारीक तंतू असतात. ते पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत अडकतात आणि त्यावर धूळ बसून नमदा तयार होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण खाली हवा जायला वाटच नसते.

निदानाचा क्रम

१. आवाज कोणत्या पंख्याचा आहे ते ओळखा. प्रोसेसर, कॅबिनेट, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड यांचे पंखे वेगवेगळे असतात.

२. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तुम्ही काही करत नसताना सीपीयू ८०-९० टक्के व्यस्त दिसला, तर कोणता प्रोग्राम त्याला राबवतो आहे ते पाहा. अपडेट, अँटिव्हायरस किंवा एखादा व्हायरसही असू शकतो. येथे पंखा निर्दोष आहे.

३. सीपीयू मोकळा असूनही तापमान जास्त असेल तर धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा सैल झालेली क्लिप यांपैकी एक कारण असण्याची शक्यता मोठी.

४. तापमान चढते, पण पंखा वेग घेत नाही? मग त्याचे बेअरिंग, तारेची जोडणी व बायोसमधील सेटिंग तपासा. हीच ती धोक्याची अवस्था.

५. पंखा दर काही सेकंदांनी वर-खाली होत असेल, तर तो तापमानाच्या प्रत्येक लहान उसळीला उत्तर देत आहे. बायोसमध्ये वेगाची चढण थोडी सौम्य करा.

६. शेवटची परीक्षा: कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून तेच काम करा. तापमान बरेच उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच फरक पडला नाही तर दोष प्रोसेसरजवळच शोधा. फिरत्या पंख्यात मात्र बोट घालू नका.

आपल्या एका पालकांचा संगणक मुलीचा फॉर्म भरताना वारंवार बंद पडत होता. दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितले. लूमवर काम करणाऱ्या माणसाला हा खर्च हलका नसतो. मुलीने आधी वरचा क्रम तपासला. सीपीयू मोकळा, पंखा पूर्ण वेगात, तरी तापमान चढलेले. पंखा काढल्यावर पात्यांवर तंतूंचा जाड थर निघाला. सफाई आणि थोडी नवी पेस्ट एवढ्यावर काम भागले. त्या घरात पैसे तर वाचलेच, पण मुलीचा आपल्या बुद्धीवरचा विश्वास वाढला, त्याचे मोल अधिक आहे.

सफाईची सावधानी

संगणक बंद करून प्लग काढा. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने दुरून धूळ काढा. वाऱ्याच्या झोताने पंखा भरधाव फिरू देऊ नका. ओला कपडा वर्ज्य. पंख्यासह खालचा ॲल्युमिनियमचा भाग काढला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी, लहान वाटाण्याएवढीच लावा. लहान विद्यार्थ्यांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरू नये, कारण त्याची हवेची वाट बहुधा खालीच असते.

स्वाध्याय

१. खोली ३० अंश, प्रोसेसर ४० वॅट, अडथळा ०.५. प्रोसेसरचे तापमान काढा.

२. एक आठवडा रोज ठरलेल्या वेळी, तेच काम चालू ठेवून, खोलीचे व प्रोसेसरचे तापमान, सीपीयूची टक्केवारी आणि पंख्याचा वेग वहीत नोंदवा. दोन तापमानांतील फरकाचा आलेख काढा.

३. तुमच्या घरात ताप पाहून वेग बदलणारी आणखी कोणती वस्तू आहे?

यंत्र आपल्याशी आवाजाने बोलत असते. तो ऐकून आधी मोजावे, मग विचार करावा आणि खिशात हात सर्वांत शेवटी घालावा.