मोटारीच्या यंत्राचे विकार आणि कारागिराची गरज

अंकुशनगर येथील समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे पंचक्रोशीतील रस्त्यांवर उसाच्या वाहनांची रीघ लागते. त्या दिवसांत बागायतदाराच्या घरची मोटारही शेत, कारखाना, अंबडची कचेरी व जालन्याची बाजारपेठ अशी सारखी राबत असते. पण तिची विचारपूस बहुधा ती बंद पडल्यावरच होते. यंत्र एकाएकी क्वचितच बिघडते. आधी ते सूचना देते. त्यांपैकी कोणती घरी निवारता येते आणि कोणती दिसताच कुशल कारागीर गाठावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ऑईलच्या तांबड्या दिव्याविषयी. झारीचे चित्र असलेला हा दिवा किल्ली फिरवताच लागतो व यंत्र सुरू होताच विझावयास हवा. चालत्या गाडीत तो पेटल्यास ऑईलचा दाब पडला असे समजावे. क्रँक व त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांतच यंत्र निकामी होऊ शकते. ‘कारखाना कोसभरच उरला’ हा हिशेब येथे चालत नाही. यंत्र तत्काळ बंद करावे व थोड्या वेळाने मापपट्टी पाहावी. ऑईल कमी असल्यास भरावे. परंतु पातळी पुरी असूनही दिवा लागत असेल, तर यंत्र पुन्हा सुरू न करता गाडी दुसऱ्या वाहनाच्या साह्याने न्यावी. पट्टीवरील ऑईल दुधाळ चहासारखे दिसल्यास त्यात पाणी मिसळले असे जाणावे; तेथेही हाच नियम.

आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यंत्र तापणे नित्याचेच. त्यातील पाण्याची उष्णता साधारणतः ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काटा तांबड्या भागाकडे सरकताच थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही, मात्र झाकण ढिले होताच उसळून तोंड-हात भाजते. तापलेल्या यंत्रावर घागरभर गार पाणी ओतण्याची चाल तर सर्वस्वी वाईट. त्याने हेडला तडा जाण्याची भीती असते. निवल्यावर भरलेले पाणी वारंवार घटत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर हेडखालचे गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. पाण्याची बाटली सोबत ठेवून महिनोन्महिने गाडी हाकणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. हेड वाकले म्हणजे गॅस्केटच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, हे त्यांना कोणी सांगावे?

धूर पाहूनही पुष्कळ कळते. थंडीच्या सकाळी निघून लगेच विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी होय. यंत्र तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला व पाणी घटले, तर ते पाणी आत सिलिंडरात शिरत आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळणे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याने असे होते. काळा धूर त्या मानाने सौम्य. आधी हवेचा फिल्टर पाहावा. काळ्या मातीच्या धुळीने तो तुंबलेला आढळतो. तो बदलूनही धूर न गेल्यास इंजेक्टर तपासून घ्यावा, पण घरी खोलू नये. त्याचा फवारा इतक्या दाबाचा असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते.

यंत्राच्या खालच्या भागातून वेगाबरोबर वाढणारा घणासारखा ठोका ऐकू आल्यास बेअरिंग झिजले असे समजून थांबावे.

पावसाळ्यात गोदाकाठच्या ओढ्यात गाडी बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरात शिरले असता कनेक्टिंग रॉड वाकतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मान लागू झाले व नव्या गाड्यांत तपासणीची विद्युत साधने वाढली. त्यांना दोष आढळला की यंत्राच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असल्यास गाडी सावकाश कारागिराकडे न्यावी. पेट्रोलच्या गाडीत तो लुकलुकू लागल्यास थांबावे, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात जाऊन ते जळून निकामी होते. बॅटरीची तार काढून हा दिवा विझविणे म्हणजे थकबाकीची नोंद खोडून वसुली झाली असे मानणे होय.

दोष केव्हा दिसला, यंत्र थंड होते की तापलेले, गाडी किती किलोमीटर चालली, हे वहीत टिपून कारागिरास दाखवावे. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा व काढलेले जुने सामान मागून घ्यावे.