सही करण्यापूर्वी

चि. अनिकेत यास,


परवा फोनवर म्हणालास, "बाबांची पॉवर माझ्याच नावावर आहे, पुढे अडचण यायची नाही." त्यातल्या 'पुढे'साठी हे पत्र.

कुलमुखत्यारपत्रानं तू श्रीकांतच्या वतीनं सही करतोस, ती तो आहे तोवरच. तो गेला की त्याच क्षणी तुझी मुखत्यारी संपली. नंतर त्या कागदावर त्याच्या खात्यातला रुपयाही काढता येणार नाही. मृत्युपत्रातल्या व्यवस्थापकाचं, म्हणजे एक्झिक्युटरचं, काम नेमकं तिथून सुरू होतं. दोन्हीकडे नाव तुझंच, म्हणून हा घोळ.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी देणाऱ्याची मती ठिकाणावर राहिली नाही, तरीही ती संपते. म्हणजे उद्या श्रीकांत माणसं ओळखेनासा झाला, तर ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो निकामी! इंग्लंडात अशा वेळीही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा त्याची समज शाबूत आहे तोवर बँकेचं खातं वहिनीसह दोघांच्या नावे करून घ्या. दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं.

सोसायटीत नॉमिनी म्हणून ताईचं नाव आहे, म्हणून फ्लॅट तिचाच, असंही धरून चालू नका. नॉमिनी सांभाळणारा, मालक ठरतो तो मृत्युपत्रानं, ते नसेल तर वारसाहक्कानं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात हेच सांगितलं.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन कराच. सही होताना तू मात्र तिथे नको. सगळ्यात मोठा वाटा तुला मिळणार. उद्या कुणी दबावाचा आरोप केला तर पहिलं बोट तुझ्याकडे. साक्षीदार दोन लागतात. त्यांनी मजकूर वाचायची गरज नसते, श्रीकांतची सही पाहिली एवढंच ते सांगतात. मला साक्षीला बोलावलंस खरं, पण ती कोर्टात द्यायची वेळ आलीच तर त्याच्या पश्चात येणार, आणि मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी! समोरच्या डॉक्टरीणबाईंना विचार. चाळिशीच्या आहेत, आणि त्याला रोज पाहतात.

तुझी,
आत्या