युरिया बंद करण्याआधी एवढं ऐक

अगं, शेती आता तू बघणार आणि पहिल्याच हंगामात सहाही एकर सेंद्रिय करणार म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण खरं सांगू का, थोडी धास्तीही वाटली. घरचे म्हणतात पीक हातचं जाईल, व्हिडिओवाले म्हणतात वर्षात सोनं पिकेल आणि तू मधल्या मध्ये बावरलीस. बस जरा, एकेक करून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे, खताची गोणी बंद केली म्हणून जमीन आपोआप सुधारत नाही. ती सुधारते तिच्यात कुजणारं काहीतरी सतत पडत राहिलं तर. शेणखत, पालापाचोळा, धसकटं यांच्यावर जिवाणू आणि गांडुळं जगतात. त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण एकमेकांना धरतात, माती रवाळ होते, पाऊस मुरतो आणि पावसाने ताण दिला तरी ओल टिकते. आपल्या काळ्या मातीत तर हे फार मोलाचं आहे बघ. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, अशी ती.

आता हिशेब मांड. एक टन शेणखतात नत्र साधारण 5 किलो, तर युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोंच्या वर. म्हणजे एका गोणीच्या बरोबरीला चार टन शेणखत, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं, बाकीचं पुढच्या हंगामांत हळूहळू सुटतं. गोठ्यात दोन जनावरं असताना सहा एकरांना ते कसं पुरणार, सांग? श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, भाताचं पीक घसरलं आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. घाई नडली गं.

म्हणून यंदा एकच एकर घे, घराजवळचं, रोज नजर पडेल असं. उन्हाळ्यात माती तपासून घे. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडून सात-आठ ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र कर आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत दे. अहवालात आधी सेंद्रिय कर्ब बघ. 0.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी समजायचं. घाबरू नकोस, पुष्कळ वावरांची हीच गत आहे. हा आकडा फार सावकाश वाढतो, तेव्हा वर्षभरात फरक दिसला नाही म्हणून रडायचं नाही. दोन-तीन वर्षांनी त्याच वावराची माती पुन्हा तपास.

शेणखत पूर्ण कुजलेलंच टाक. अर्धकच्च्या खताबरोबर हुमणी येते. शिवाय कच्चा काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच वापरतात, मग पीक पिवळं पडतं आणि सासूबाईंना बोलायला निमित्त मिळतं! खत काळसर, भुसभुशीत झालं आणि त्याला मातीचा वास आला, की समज तयार झालं.

कमी पडलं तर ज्या तुकड्यात रब्बी घ्यायची आहे तिथे पावसाळ्यात ताग पेर आणि 45-50 दिवसांनी फुलावर येताच गाडून टाक. कपाशीत तुरीच्या ओळी ठेव. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. पऱ्हाटी मात्र जाळू नकोस. बारीक करून खड्ड्यात कुजव, म्हणजे बोंडअळीलाही आसरा मिळणार नाही.

आणि जीवामृताबद्दल विचारत होतीस ना? अवश्य कर. पण ते विरजण आहे, दूध नव्हे. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन दोनशे लिटर पाण्यात कालवलं तरी त्यात एकरभर पिकाला पुरेल एवढं नत्र नसतं. जमिनीत कुजायला काही असेल तरच त्याचा उपयोग.

उरलेल्या पाच एकरांना माती परीक्षणाप्रमाणे खत दे आणि त्याबद्दल मनाला अजिबात लावून घेऊ नकोस. तिथेही शेणखताची जोड दिलीस तर माती सुधारेलच. एका एकराचा जमाखर्च वहीत लिहीत जा. जमलं की दुसरं एकर घे. घर सांभाळून एवढं सगळं शिकतेयस, मग हेही तुला जमेल. या महिन्यात फक्त दोन कामं कर: मातीचा नमुना दे आणि खताचा खड्डा भरायला घे.