डोळ्यांवाचून वाचन : अंध विद्यार्थी आणि मराठी पुस्तक

प्रास्ताविक

वाङ्मयाचा विद्यार्थी ग्रंथालयात जातो, कार्ड दाखवतो, पुस्तक घेतो आणि वाचू लागतो. ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यात काय काय गृहीत धरलेले आहे याचा आपण सहसा विचार करत नाही. ज्याला छापील अक्षर दिसत नाही त्याच्या दृष्टीने ग्रंथालयातील सर्व कपाटे उघडी असूनही बंदच असतात. पुस्तक हातात असते, पण वाचता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रातील त्यांची संख्या सुमारे २९.६ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५.७ लाख व्यक्तींना दृष्टिदोष होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे वर्गातील जागेची सोय झाली. परंतु वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला नेमलेले पुस्तक वाचता येईल अशा रूपात मिळाले नाही, तर त्या जागेचा उपयोग किती? अंधांसाठी पुस्तके कशी तयार होत आली, आज कोणती साधने उपलब्ध आहेत आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नेमके काय अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रज्ञाचक्षू आणि वाचून दाखवणारा

अंध विद्वान ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली. असे असूनही चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. ‘प्रज्ञाचक्षू’ हे बिरुद त्यांच्या नावामागे आदराने लावले जाते. त्यांच्या प्रज्ञेविषयी आपण बोलतो. मात्र त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे आणि त्यांनी सांगितलेले लिहून घेणारे कोणीतरी शेजारी बसलेले होते, याकडे आपले दुर्लक्ष होते. बुद्धी त्यांची होती, पण ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो दुसऱ्याच्या कंठातून. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचनाचा रोख समजण्यास मदत होईल.

सहा टिंबांची लिपी

दुसऱ्यावर अवलंबून न राहता अंधाला स्वतः वाचता-लिहिता यावे, ही सोय केली लुई ब्रेल याने. १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी त्याचा जन्म झाला. वडील खोगीर तयार करणारे कारागीर होते. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच कारखान्यातील टोकदार हत्यार डोळ्याला लागून पुढे लुईची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. शार्ल बार्बिए या सैनिकी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक लेखनपद्धती शोधली होती. तिच्यात सुधारणा करून ब्रेलने सहा टिंबांची लिपी तयार केली व १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा एका बोटाच्या पेरात मावतात आणि त्यांतून ६३ खुणा तयार होतात.

मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. तथापि त्या काळी भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक वाचता येत नसे. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांसाठी समान पद्धती निश्चित झाली आणि हा घोळ मिटला. तिच्यात ‘क’ साठी पहिले व तिसरे टिंब येते. मराठी, गुजराती, तमिळ कोणतीही भाषा असो, खूण तीच. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी एक गमतीची गोष्ट अशी की, छापील लेखनात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण ब्रेलमध्ये ती व्यंजनाच्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच येते.

हाताने ब्रेल लिहिण्यासाठी पाटी आणि टोचणी वापरतात. कागद मागून टोचावा लागत असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे, उलट करावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचले जाते. या लिपीची मोठी अडचण म्हणजे जागा. मोठ्या पानावरही साधारण २५ ओळी आणि ओळीत ४० खुणा मावतात. शिवाय प्रत्येक मात्रेला स्वतंत्र जागा लागते. कागद जाड लागतो. त्यामुळे एका मध्यम कादंबरीचे ब्रेलमध्ये दोन-तीन जाड खंड होतात. छपाईचा खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक थोडे, म्हणून व्यापारी प्रकाशक या वाटेला जात नाहीत. हे काम संस्थांनाच करावे लागले. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (स्थापना १९५२) आणि पुण्याची निवांत अंध मुक्त विकासालय यांचे या क्षेत्रातील कार्य सर्वश्रुत आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि मराठी अंध वाचकाला वर्तमानपत्र स्वतःच्या बोटांनी वाचण्याचा लाभ झाला.

बोलके पुस्तक

ब्रेल सर्वांनाच येते असे नाही. मोठेपणी दृष्टी गेलेल्याला ते शिकणे कठीण जाते. अशांसाठी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिका व इंग्लंड येथे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तके वाचून ठेवण्यास प्रारंभ झाला. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांची गरज हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. पुढे तबकडीची जागा कॅसेटने, कॅसेटची सीडीने आणि सीडीची आता मोबाइलमधील लहानशा कार्डाने घेतली. बोलण्याचे एक तासाचे ध्वनिमुद्रण साधारण ३० एमबीत मावते. या हिशेबाने ३२ जीबीच्या कार्डावर हजार तासांहून अधिक वाचन साठवता येते. एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला ते भरपूर झाले.

साध्या ध्वनिमुद्रणात हवे ते पान शोधणे अवघड जाते. ही उणीव ‘डेझी’ नावाच्या पद्धतीने दूर केली. तिच्यात ऐकणाऱ्याला प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येते.

मग ब्रेलची गरज संपली काय? भाषेच्या विद्यार्थ्याने याचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बोलताना हे शब्द बहुधा सारखेच ऐकू येतात. केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला शुद्धलेखन येणार कोठून? कवितेची ओळ कोठे तुटते, संवाद कोठे सुरू होतो हेही कानाला नेहमी कळत नाही. म्हणून ध्वनी हा ब्रेलचा सोबती होय. त्याला ब्रेलची जागा घेता येणार नाही.

संगणकाचा आवाज आणि मराठी अक्षर

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली हे अलीकडचे सर्वांत प्रभावी साधन होय. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ या आज्ञावलीचे काम हाती घेतले. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. मोबाइलमध्ये अशी सोय आधीच घालून दिलेली असते. म्हणजे यंत्र खिशात आले आहे. अडते ते मजकुरापाशी.

ही अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आपल्याला पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो. त्याला केवळ देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो. डोळस वाचकाला काहीच फरक जाणवत नाही. स्क्रीन रीडर मात्र आतला क्रमांक वाचतो आणि अंध विद्यार्थ्याला निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि ही सोय १९९१ पासून आहे. असे असूनही नोट्स, प्रश्नसंच, परिपत्रके आणि कित्येक महाविद्यालयांची वार्षिके अजून जुन्या फॉन्टमध्ये तयार होतात. दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पानांचा. ती पाने म्हणजे छायाचित्रे. त्यांत यंत्राला अक्षर सापडत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आता मराठीसाठीही आहेत, पण जोडाक्षरे व रफार यांत त्या चुकतात. मूळ पानाशी ताडून त्या चुका दुरुस्त करणारा माणूस लागतोच.

कायद्याने मोकळी केलेली वाट

पुस्तकाचे असे रूपांतर करणे म्हणजे लेखकाच्या हक्कावर अतिक्रमण नव्हे काय, अशी शंका पूर्वी घेतली जाई. २०१२ मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दिव्यांग व्यक्तींच्या खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूपांतर करण्यास मुभा मिळाली. अट अशी की, ते नफ्यासाठी नसावे आणि प्रत इतरांच्या हाती जाऊ नये. २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. परीक्षेच्या बाबतीत २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाची सोय आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केली. सारांश, साधने आहेत आणि कायदाही अनुकूल आहे.

नंदुरबार जिल्ह्याचा विचार

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा प्रामुख्याने आदिवासींचा आहे. येथील विद्यार्थी घरी भिली, पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजरी बोलतो. प्रमाण मराठी तो शाळेत शिकतो. डोळस विद्यार्थ्याला अनोळखी शब्द निदान पानावर दिसतो. त्यावर थांबता येते, पुन्हा पाहता येते. अंध विद्यार्थ्याच्या कानावर तोच शब्द यंत्राच्या एकसुरी आवाजात येऊन निघून जातो. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘आदि वाणी’ या उपक्रमात भिलीचा समावेश झाला ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भिली म्हणजे एकच बोली नव्हे. तळोद्याकडची आणि धडगावकडची बोली सारखी नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याची बोली जाणणारा वाचक जे करू शकतो ते यंत्राला साधत नाही. तो शब्दापाशी थांबतो आणि अर्थ सांगतो. शिवाय अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरी पाड्यांत मोबाइलचे नेटवर्क सर्वत्र सारखे मिळत नाही. तेथे ऑनलाइन ग्रंथालयापेक्षा कार्डावर भरून दिलेले पुस्तक अधिक उपयोगी.

या प्रश्नाला दुसरी, आशादायक बाजूही आहे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या तोंडून ऐकून इतरांनी लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्याजवळ आहेत. आपल्या जिल्ह्यातील बोलींचे बहुतेक वाङ्मय आजही कंठातच आहे. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ या संग्रहात भिली कविता छापील अक्षरात आणली. पण रोडाली, लग्नगीते, कथा यांतील कितीतरी भाग अद्याप लिपीबाहेर आहे. बोलक्या पुस्तकाला लिपी लागत नाही. गाणाऱ्याची परवानगी घेऊन केलेले ध्वनिमुद्रण अंध विद्यार्थ्याचे पुस्तक होईल आणि बोलीच्या अभ्यासकाचे साधनही होईल.

आपल्याला काय करता येईल?

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी एक साधनकेंद्र सुरू झाले. एका महाविद्यालयाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे. आपली साधनसामग्री तेवढी नसेल. पण प्रारंभाला ती लागतही नाही.

पहिली गोष्ट, वर्गातील नोट्स व प्रश्नसंच युनिकोडमध्येच टाइप करावेत. यास जादा खर्च नाही. दुसरी गोष्ट, नेमलेले पुस्तक वाचून ठेवावे. दोनशे पानांचे पुस्तक मोठ्याने वाचण्यास सुमारे सात तास लागतात. वीस विद्यार्थ्यांनी दहा-दहा पाने वाटून घेतली तर प्रत्येकाला अर्धा तासही पुरे. मात्र वाचनास शिस्त हवी. आरंभी पुस्तक, लेखक, प्रकाशक व वर्ष सांगावे. पानाचा क्रमांक व शीर्षक उच्चारावे. अवतरण कोठे सुरू झाले व कोठे संपले ते सांगावे. तळटीप तिच्या जागी वाचावी. अवघड विशेषनामाचे ह्रस्व-दीर्घ सांगावे. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी करावी. अभिनय करू नये. अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा असतो. तिसरी गोष्ट, हे काम परीक्षेच्या तोंडावर न करता जून-जुलैतच करावे, कारण पुस्तक इतरांच्या बरोबरीने मिळाले तरच अभ्यास बरोबरीने होतो.

समारोप

अंध विद्यार्थ्याविषयी आपल्याला सहानुभूती असते आणि रस्ता ओलांडताना आपण त्याचा हातही धरतो. पण त्याचा विद्यार्थी म्हणून असलेला हक्क त्याहून निराळा आहे. त्याला आपल्याप्रमाणेच पुस्तकाशी एकांतात बसून मतभेद करता आले पाहिजेत, आवडलेले प्रकरण पुन्हा वाचता आले पाहिजे, कंटाळवाणे पुस्तक मिटून ठेवता आले पाहिजे. ते स्वातंत्र्य त्याला मिळावे यासाठी लागणारे यंत्र स्वस्त झाले आहे आणि कायद्यानेही अडसर काढला आहे. उरले आहे ते मजकूर नीट तयार करण्याचे काम, आणि ते वर्गात त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला करता येण्यासारखे आहे. त्याची सुरुवात आपल्या या वार्षिकापासून व्हावी. हा अंक युनिकोडमध्ये सिद्ध व्हावा आणि त्याची एक बोलकी प्रत आपल्या ग्रंथालयात राहावी, अशी सूचना संपादक मंडळापुढे ठेवून हा लेख पुरा करतो.