सतत काळजी करण्याची सवय : चला, वाक्य पूर्ण करूया



'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. वैऱ्यालाही सुचणार नाही इतकं वाईट आपलं मनच आपल्याबद्दल चिंतत असतं, असा तिचा अर्थ. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि आपण पुढच्या म्हणीकडे वळतो. मला मात्र ती नीट कळली मागच्या वर्षी, चौथीच्या वर्गात.

वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, गणितात हुशार. भागाकाराचा सराव चालू होता. तिने उदाहरण सोडवलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी कागदाला भोक पडलं. जवळ जाऊन पाहिलं तर उत्तर पहिल्यापासून बरोबरच होतं.

"अगं, बरोबर होतं की! मग खोडलंस कशाला?"

ती हळूच म्हणाली, "बाई, चुकलं तर?"

त्याच आठवड्यातली घरची गोष्ट. मिस्टरांना यायला उशीर झाला होता आणि फोन लागत नव्हता. मी दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होते. पहिलीतला माझा मुलगा पुस्तक मिटून जवळ आला आणि म्हणाला, "आई, बाबांना काही झालं तर?" मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. मिस्टर आले, गाडी पंक्चर झाली होती एवढंच. पण मुलाचं ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. पाढे आपण घोकून घेतो तेव्हा कुठे येतात, काळजी मात्र मुलं आपल्याकडे बघून बघून शिकतात.

विचार आणि चिंता यांत फरक काय?

काळजी करणाऱ्याला वाटतं, आपण जबाबदारीने विचार करतोय. मलाही तसंच वाटायचं. एक साधं उदाहरण घेऊ. उद्या शाळेची सहल आहे आणि मनात आलं, 'पाऊस आला तर?' हा प्रश्न चांगलाच आहे. विचार करणारा माणूस पुढचं म्हणतो, 'तर छत्र्या घेऊ, जेवण मंदिराच्या सभामंडपात करू.' मग तो झोपतो. चिंता करणारा 'तर?' पाशीच थांबतो, परत मागे जातो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. रात्री दोन वाजेपर्यंत.

म्हणजे चिंता हे अर्धवट सोडलेलं वाक्य आहे. आणि अर्धवट वाक्य पूर्ण करा, हा तर आपला रोजचा स्वाध्याय!

वर्गात घेतलेला उपक्रम

'जर-तर वापरून वाक्य पूर्ण करा' हा घटक शिकवताना मी मुलांना सांगितलं, आज वाक्याचा पहिला भाग तुमच्या मनातल्या काळजीचा. अट एकच, दुसऱ्या भागात 'मी' पाहिजे आणि खरोखर करता येईल असं काम पाहिजे.

मुलांनी लिहिलं :
- जर गृहपाठ विसरलो, तर मी बाईंना खरं सांगेन आणि मधल्या सुट्टीत पूर्ण करीन.
- जर डबा सांडला, तर मी मैत्रिणीच्या डब्यातलं खाईन.
- जर उत्तर चुकलं, तर मी एकदा खोडून परत लिहीन.

शेवटचं वाक्य कोणाचं, हे तुम्ही ओळखलंच असेल. 'एकदा' हा शब्द तिने स्वतःहून घातला होता.

एका मुलाने मात्र लिहिलं, 'जर आजी वारली, तर' आणि पुढे जागा मोकळी. त्याची आजी तेव्हा दवाखान्यात होती. मी त्याच्या शेजारी बसले. 'असं काही होणार नाही रे' हे शब्द अगदी ओठावर आले होते, पण ते मला तरी कुठे माहीत होतं? थोड्या वेळाने त्याने लिहिलं, 'तर मी खूप रडेन आणि आईजवळ बसेन.' मग मी विचारलं, "आणि आज काय करशील?" तो म्हणाला, "आज फोनवर बोलेन तिच्याशी."

जे आपल्या हातात नाही, त्याचं काय?

काही वाक्यं अशीच असतात. आईचा रिपोर्ट, बदलीची यादी, मुलीचा निकाल. आपल्या वाट्याचं काम करून झालं तरी मन फिरून तिथेच जातं. 'काळजी करू नकोस' असं सांगून ते ऐकत नाही. अशा वेळी काळजीला वेळापत्रक द्यावं.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीसाठीच ठेवायचा. एरवी काळजी आली की तिला ओळखायचं, त्या वेळेवर ढकलायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं.

मी संध्याकाळी साडेसहाची वेळ ठेवली आहे. झोपायच्या आधीची वेळ घेऊ नका. दिवसभरात मनात येईल ते एका वहीत एका ओळीत लिहिते. साडेसहाला वही उघडली की निम्म्या ओळी वाचून हसू येतं. उरलेल्यांपुढे 'तर मी…' लिहायचा प्रयत्न करते. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती तशीच ठेवून वही मिटते.

पालकांसाठी दोन गोष्टी

मूल 'असं झालं तर?' म्हणालं की 'काही होत नाही, गप्प बस' म्हणू नका. 'बरं, झालं तर आपण काय करू?' असं विचारा. आणि 'नापास झालास तर बघ!' हे आपलं नेहमीचं वाक्यही तपासून पाहा. तेही अर्धवटच आहे. पुढचं मूल स्वतःच्या मनाने भरतं, आणि ते भयंकर असतं.

मात्र वारंवार पोटात दुखणं, झोप न लागणं, शाळेत जायलाच नको म्हणणं असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. मोठ्यांनाही हेच लागू आहे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

माझी सवय पूर्ण गेली का? नाही. मिस्टरांना उशीर झाला की मी अजूनही फोन करते. पण एकदाच. परवा फोन लागला नाही तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, बाबांना उशीर झाला तर आपण आधी जेवून घेऊ." आम्ही जेवायला बसलो.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेऊन पाहा. पण त्याआधी एक वाक्य स्वतःचं पूर्ण करा.